लेखनाचं पुढचं पुस्तक कोणतं? घरीच शिकणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

कुटुंब पुण्यातलं. मुलगा 11 वर्षांचा, तिसरीनंतर शाळा सोडून घरीच शिकतो. घरात बोलणं मराठी, वाचन दोन्ही भाषांत भरपूर, गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी. आई दिवसभर मुलांबरोबर असते, वडील नोकरीवरून आल्यावर गणित घेतात. मी भाषेची शिक्षिका. घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना भाषेच्या कामात मदत करते, त्यामुळे हे कुटुंब माझ्यापर्यंत आलं. आई-वडिलांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मुलाने आधी सुझन वाइज बाउअर यांचा 'रायटिंग विथ ईझ' हा अभ्यासक्रम केला होता. त्यात मूल चांगल्या गद्याचे छोटे उतारे पाहून लिहितं, ऐकून लिहितं आणि ऐकलेला मजकूर आपल्या शब्दांत सांगतं. स्वतःचं काही रचून लिहायला त्यात फारसं सांगत नाहीत. आधी कान आणि हात तयार होऊ द्यायचे, हा त्यामागचा विचार. तो अभ्यासक्रम नीट पूर्ण झाला आणि आईने विचारलं, "ताई, आता पुढचं काय घेऊ?"

तिच्याकडे यादी तयार होती. अमेरिकेत घरी शिकवणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने लेखनाचे तयार अभ्यासक्रम बहुतेक तिथलेच मिळतात आणि आपल्याकडचे पालकही तेच मागवतात. तिने नमुन्याची पानं उतरवून वाचली होती आणि प्रत्येक अभ्यासक्रम वाचताना हाच योग्य आहे असं तिला वाटलं होतं. ते स्वाभाविकच आहे. नमुन्याच्या पानांवर दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचं चांगलं लेखन असतं आणि आपलंही मूल असंच लिहील, असं वाटायला लागतं. आपलं मूल आज नेमकं कुठे अडतंय, हे मात्र त्या पानांवर कुठेच नसतं. म्हणून मी तिला म्हटलं, "यादी थोडे दिवस बाजूला ठेव. आधी त्याला काय येतं आणि कुठे थांबतं ते बघू."

कुठे अडतं

मूल "लिहीत नाही" म्हणतात तेव्हा त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. हात दमतो. किंवा वाक्य डोक्यात टिकत नाही, अर्ध्यावर विसरतं. किंवा सांगण्यासारखं काही सुचत नाही. किंवा सुचतं पुष्कळ, पण कशानंतर काय ते लागत नाही. या चारही गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. हात दमणाऱ्या मुलाला कल्पनाशक्तीचे खेळ देऊन काही होत नाही आणि क्रम न लागणाऱ्या मुलाला आणखी शुद्धलेखन घालून तो अधिकच वैतागतो.

पहिल्या दोन गोष्टी पटकन तपासून झाल्या. पाहून लिहिताना अक्षर वाचता येण्याजोगं होतं, अर्ध्या पानानंतर बोटं दुखतात म्हणाला, पण त्या वयाला ते चालतं. श्रुतलेखनात मराठीतलं लांब वाक्य एकदा ऐकून त्याने सलग उतरवलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या, पण शब्द एकही गाळला नाही. इंग्रजीतलं तेवढंच वाक्य दोनदा वाचावं लागलं. आधीच्या अभ्यासक्रमाने आपलं काम केलेलं दिसत होतं.

खरं कळलं ते तिसऱ्या तपासणीत. तो आदल्या दिवशी आजोबांबरोबर सायकलचं पंक्चर काढायला गेला होता. त्याला म्हटलं, जे पाहिलंस ते लिही. त्याने लिहिलं:

"मी आणि आजोबा सायकलच्या दुकानात गेलो. काकांनी पंक्चर काढले. मला खूप मजा आली."

13 शब्द. मग वही मिटायला सांगितली आणि म्हटलं, आता मला नुसतं सांग. आईने फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. त्यातला तुकडा त्याच्याच शब्दांत देते:

"ते चौकातले काका आहेत ना मावशी, त्यांनी ट्यूब पाण्यात घातली आणि एकदम बुडबुड बुडबुड आलं. म्हणजे त्याआधी त्यांनी दोन पट्ट्यांनी टायर असा उचकटला. आणि मला म्हणाले, बोट ठेव इथे. मी ठेवलं तर बुडबुडे बंद! मग घासलं. नाही, आधी पुसलं, ओलं असलं तर सोल्यूशन धरत नाही. मी म्हटलं, फुंकर मारू का, वाळेल लवकर, तर म्हणाले नको, तोंडातली वाफ लागते. आणि बाभळीचा काटा होता! तो टायरमध्येच होता अजून, काढला नसता तर परत पंक्चर."

हाच मुलगा आणि हाच प्रसंग. बोलताना त्याच्याकडे निरीक्षण आहे, कारण आहे, दुकानदाराचा आवाज आहे आणि शेवटी काट्याचा शोधही आहे. कागदावर यातलं काहीच नाही. "मजा आली" हे वाक्य तर मुलं संपवायचं कसं ते कळत नाही तेव्हाच लिहितात.

रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं की अडचण कानाला जाणवते. तो मधूनच सुरू करतो, "म्हणजे त्याआधी" म्हणून मागे जातो, "नाही, आधी" म्हणून दुरुस्त करतो. बोलताना हे चालून जातं, समोरचा सांभाळून घेतो. लिहिताना मागे जायची सोय नसते. हात चालवायचा, वाक्य धरून ठेवायचं आणि क्रमही लावायचा, तिन्ही एकदम. त्यात क्रम सुटतो, आणि क्रम सुटला की तो सगळंच सोडून सुरक्षित तीन वाक्यांवर येतो.

चौथी तपासणी या अंदाजाची होती. त्याला म्हटलं, वाक्यं लिहू नकोस. एकेका कामासाठी फक्त दोन-तीन शब्द लिही, एका ओळीत एक काम. त्याची टिपणं अशी झाली:

टायर, पट्ट्या, उचकटणे
ट्यूब, पाणी, बुडबुडे
बोट, बंद
घासणे
पुसणे
सोल्यूशन, वाफ नको
पॅच, हातोडी
काटा, बाभूळ

"पुसणे"वरून त्याने स्वतःच बाण काढून ते "घासणे"च्या वर नेलं. बोलताना जी दुरुस्ती वाक्याच्या मध्येच करावी लागली होती, ती इथे एका बाणात झाली. मग या टिपणांवरून लिहायला सांगितलं. मी काही सुधारलेलं नाही:

"काकांनी दोन पट्ट्यांनी टायर उचकटला. ट्यूब पाण्यात घातली. बुडबुडे आले. काका म्हणाले इथे बोट ठेव. मी ठेवलं आणि बुडबुडे बंद झाले. मग ट्यूब पुसली आणि घासली. ओलं असलं तर सोल्यूशन धरत नाही. सोल्यूशनवर फुंकर मारायची नाही कारण तोंडातली वाफ लागते. पॅच लावून हातोडीने ठोकला. मग काकांनी टायरमध्ये आतून हात फिरवला. बाभळीचा काटा होता."

13 शब्दांचे 53 झाले. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते शेवटच्या दोन वाक्यांतलं. काटा सापडल्याचं त्याने शेवटी ठेवलं, त्याआधी हात फिरवल्याचं आणलं (टिपणात ते नव्हतंच) आणि "मजा आली" त्याला आठवलंही नाही. आई शेजारी बसून वाचत होती. "हे याने लिहिलं?" एवढंच म्हणाली.

यादीकडे परत

आता निवड करणं सोपं झालं. टिपणातून क्रम लावायला पद्धतशीर शिकवणारं काहीतरी हवं होतं, आणि सांगायचा मजकूर मुलाच्या हातात आधीच असला पाहिजे, म्हणजे सगळं लक्ष रचनेकडे देता येईल.

यादीतला पहिला होता 'इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग', पालकांच्या बोलण्यात आयईडब्ल्यू. त्याची सुरुवातच या कामापासून होते. छोट्या उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्यातून जास्तीत जास्त तीन शब्द उचलायचे, उतारा झाकायचा आणि त्या शब्दांवरून पुन्हा लिहायचं. ही पद्धत मला मनापासून आवडते. शिकवणं व्हिडिओवर असल्यामुळे पालकावरचा भारही हलका होतो. माझा आक्षेप पुढच्या भागाला होता. दर परिच्छेदात एक क्रियाविशेषण, एक ठसठशीत क्रियापद, एक 'बिकॉज'चं उपवाक्य अशी शैलीची यादी असते, ती हळूहळू वाढत जाते आणि मूल खुणा करत ती पुरी करतं. वहीकडे बघत "आता काय लिहू?" म्हणणाऱ्या मुलांना या यादीने वाट सापडते, हे मी पाहिलं आहे. पण "तोंडातली वाफ लागते" लिहिणाऱ्या मुलाला बाहेरून सजावट कशाला द्यायची? त्याचं वाक्य आहे तेच चांगलं आहे. त्याला ते बिघडवायला शिकवायचं नाही.

'ब्रेव्ह रायटर'कडे आईचा ओढा होता. घड्याळ लावून मनमोकळं लिहायचं, मूल बोलेल ते आईने लिहून घ्यायचं, चहाबरोबर कविता वाचायच्या. घरातलं वातावरण कसं असावं, याचा इतका आपुलकीने विचार करणारे अभ्यासक्रम थोडे असतात. लिहायला घाबरणाऱ्या मुलासाठी मी डोळे मिटून तोच सांगितला असता. या मुलाला भीती नव्हती. मोकळं लिहून झाल्यावर समोर पडलेल्या ढिगाचं करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

'रायटिंग अँड ऱ्हेटरिक' ही 12 पुस्तकांची मालिका प्राचीन ग्रीक वक्तृत्व-सरावांवर बांधलेली आहे. बोधकथेपासून सुरू होऊन मूल हळूहळू खंडन-मंडनाकडे जातं. मुलाला वाद घालायला आवडतो, त्यामुळे पुढे कधी तरी हे त्याला रुचेल. आत्ता मात्र त्याला घडलेली गोष्ट नीट मांडता येत नव्हती, आणि दुसऱ्याची बोधकथा फुलवून लिहिण्याने ती गरज भागली नसती.

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. "बालभारतीची पुस्तकं आहेत, फुकट मिळतात, उपयोजित लेखन त्यात आहे. दहावीला शेवटी निबंध आणि पत्रच लिहायचं ना?" बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात कुणालाही उतरवून घेता येतात, हे खरं आहे, आणि त्यांचा उपयोग आम्ही केलाच. पण वडिलांच्या मनात बाजारातली निबंधांची पुस्तकं होती. 'पावसाळ्यातील एक दिवस' तयार मिळतो, मूल तो पाठ करतं आणि स्वतःच्या पावसाबद्दल एक ओळ लिहीत नाही. परीक्षेच्या घाईचंही कारण नव्हतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसायला वय किमान 14 पूर्ण लागतं. तीन वर्षं हातात होती. सलग विचार मांडता येणाऱ्या मुलाला पत्राचा मायना शिकायला फार वेळ लागत नाही.

त्यांच्या बोलण्यातून एक कामाची गोष्ट मात्र मिळाली. मुद्द्यांवरून गोष्ट लिहिणं आपण सगळ्यांनी शाळेत केलं आहे: "एक गाव, दुष्काळ, म्हातारी, शेवटचे मूठभर दाणे..." टिपणांवरून लिहिण्याची ही मराठी रीत घराघरांत ओळखीची आहे. फरक एवढाच की तिथे मुद्दे दुसरा कुणी देतो आणि मूल ते जोडतं. आम्ही मुद्दे काढायचं काम मुलाकडे दिलं. आईला ही पद्धत समजावून सांगावीच लागली नाही.

उरला 'रायटिंग विथ स्किल', बाउअर यांचाच पुढचा टप्पा. पहिल्या भागात 36 आठवड्यांचं काम, आठवड्याला चार दिवस. पुस्तक थेट मुलाशी बोलतं. परिच्छेदाचा मुख्य मुद्दा एका ओळीत काढणं, मग घडलेल्या घटनेचं काळानुक्रमे कथन, निसर्गातल्या किंवा यंत्रातल्या एखाद्या प्रक्रियेचं क्रमवार वर्णन, माणसाचं छोटं चरित्र. पंक्चर काढण्याचं वर्णन याच जातीचं. मजकूर आधी देऊन रचना शिकवायची, ही मुलाची नेमकी गरज त्यात भागत होती. दोष दोन. अभ्यासक्रम कोरडा आहे आणि या वयाला जड पडतो. शिवाय उतारे बहुतेक पाश्चात्त्य इतिहासातले आहेत.

आम्ही हाच घेतला, दोन बदल करून. पुस्तकातला एक आठवडा घरी दोन आठवड्यांत करायचा. आणि मधला वेळ मराठीचा. टिपण काढायची सवय आधी मराठीत लावायची, कारण तिथे वाक्य धरून ठेवायला त्याला कष्ट पडत नाहीत, सगळं बळ क्रमावर लागतं. इंग्रजीत तीच गोष्ट महिनाभर मागून यायची. पुष्कळ पालक दोन्ही भाषा एकाच वेगाने चालवायला जातात आणि मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं. आईलाही मराठी मागे ठेवून "इंग्रजी आधी पक्कं करू" असं वाटत होतं. त्यावर मी ठाम राहिले. ज्या भाषेत मूल सहज विचार करतं, तिथेच रचना आधी जमते. एकदा जमली की ती दुसऱ्या भाषेत नेता येते, आणि शब्दसंपत्ती वाढायची वाट बघत बसावं लागत नाही.

जूनपासून दिवाळीपर्यंत

मराठीसाठी उतारे बालभारतीच्या परिसर अभ्यास आणि सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांतून घेतले, काही 'किशोर' मासिकातून. चार-पाच वाक्यांचा उतारा, ओळीला तीन शब्द, पुस्तक बंद, आधी तोंडी आणि मग लेखी. तोंडी सांगणं कधीही गाळायचं नाही, हा एकच कडक नियम.

स्वतःचे प्रसंग लिहिताना आईने एक युक्ती काढली, ती मी आता इतर घरांतही सांगते. मुलाचं बोलणं फोनच्या व्हॉइस टायपिंगने मराठीत उतरवून घ्यायचं, मोठ्या अक्षरात छापायचं, आणि एकेका वाक्याची पट्टी कात्रीने कापायची. पट्ट्या जमिनीवर पसरून मुलगा त्या वर-खाली करतो. "म्हणजे त्याआधी"ची पट्टी त्याच्या हाताने खरोखर आधी जाते. मराठीत व्हॉइस टायपिंग बहुतेक वेळा विरामचिन्हं देत नाही, त्यामुळे कापायचं कुठे हे ठरवताना वाक्य संपलं कुठे हेही कळतं. ओळी दुरुस्त करून पुन्हा लिहायला लावलं की मुलं कंटाळतात, पण पट्ट्या हलवायला हा मुलगा अर्धा-अर्धा तास बसायचा.

चरित्राच्या पाठात पुस्तकातल्या माणसाऐवजी आम्ही आनंदीबाई जोशी घेतल्या. पद्धत पुस्तकातलीच: आधी सुट्ट्या नोंदींची यादी द्यायची, मुलाने त्यातल्या निवडक नोंदी घेऊन परिच्छेद लिहायचा. जन्म 31 मार्च 1865, कल्याण. 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात निधन. यादीत आणखीही नोंदी होत्या, सगळ्या घ्यायच्या नाहीत असं सांगितलं होतं.

इथे तो पहिल्यांदा खरा अडला, आणि ते अडणं चांगलं होतं. सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. त्याने वजाबाकी करून "22 व्या वर्षी वारल्या" असं लिहिलं. मग तारखा पुन्हा बघून म्हणाला, "नाही मावशी, वाढदिवस यायचा होता. 21." त्या आकड्याने त्याची निवड ठरली. लग्नाची, शिष्यवृत्तीची नोंद सोडून त्याने फक्त प्रवास, पदवी, नेमणूक आणि निधन ठेवलं, आणि पदवी व निधन शेजारी-शेजारी ठेवून मधलं अंतर वाचणाऱ्याला दिसेल असं केलं. काय गाळायचं हे मुलाने स्वतः ठरवणं, हेच मला या वर्षात हवं होतं.

दिवाळीच्या सुमाराला आम्ही तिघांनी बसून आढावा घेतला. मराठीत तो आता टिपण काढून पान-सव्वा पान लिहितो आणि क्रम सुटत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तिथेच आहे. त्यासाठी वेगळं काहीच केलेलं नव्हतं, आता रोज तीन वाक्यांचं श्रुतलेखन परत सुरू केलं आहे. इंग्रजीत अपेक्षेपेक्षा हळू चाललं आहे. परिच्छेदाचा मुद्दा तो बरोबर ओळखतो, पण लिहिताना प्रत्येक वाक्य 'देन'ने सुरू होतं. मराठीत 'लावून', 'पुसून' अशा धातुसाधितांनी वाक्यं आपोआप जोडली जातात, "पॅच लावून ठोकला" असं तो सहज लिहितो. इंग्रजीतली जोडणी त्याच्या हाताला अजून लागलेली नाही. ते पुस्तक यावर फार सराव देत नाही, म्हणून दोन छोटी वाक्यं जोडून एक करायचे खेळ आई आठवड्यातून दोनदा घेते.

कोरडेपणाची तक्रार मुलाने केलीच. "हे पुस्तक मला कधीच विचारत नाही मला काय वाटतं." तक्रार खरी आहे. शुक्रवारी पुस्तक बंद ठेवून मोकळं लिहायचं ठरवलं, आईच्या आवडीच्या अभ्यासक्रमातून एवढं घेतलं. त्या लेखनाला कुणी लाल पेन लावत नाही.

वडील निबंधाबद्दल अजून विचारतात. त्यांना आम्ही मार्चपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तोपर्यंत मराठीत एकाच विषयावरचे दोन उतारे वाचून, दोन्हींची टिपणं काढून त्यांचा मिळून एक परिच्छेद करणं जमलं पाहिजे. एखाद्या प्रश्नावर दोन बाजू ऐकून आपलं मत मांडायचं, तर आधी हे यायला हवं. जमलं तर मत मांडणारं लेखन मराठीत सुरू होईल, आणि पहिला विषय मुलानेच सुचवला आहे: चौकातल्या सायकल दुकानाच्या जागी पार्किंग व्हावं का. 'रायटिंग विथ स्किल'चा दुसरा भाग मागवलेला नाही. पहिलाच अर्ध्या वेगाने पुढच्या वर्षात जाणार आहे आणि इंग्रजीतली जोडणी सुधारेपर्यंत तो तसाच जाऊ द्यायचा, यावर आईचं आणि माझं एकमत आहे.